बातमी सांगायला कोण जाणार?

आज १ जुलै, डॉक्टर दिन. डॉ. बिधानचंद्र रॉय जन्मले १८८२ मध्ये याच तारखेला आणि गेले तेही १९६२ मध्ये याच तारखेला. १९९१ पासून देशात हा दिवस पाळला जातो. पुष्पगुच्छ आज भरपूर निघतील, म्हणून थोडे वेगळे बोलू.

रात्री तीनच्या सुमारास अतिदक्षता विभागाचे दार उघडते आणि हाक येते, ‘यांचे नातेवाईक कोण?’ हाक देणारा बहुधा पंचविशीतला निवासी डॉक्टर असतो, आदल्या सकाळपासून जागा. सर्वांत अवघड काम सर्वांत धाकट्याच्या गळ्यात मारण्याची ही रीत जुनीच. वरिष्ठ सकाळी राउंडला येतात तोवर सगळे आटोपलेले असते.

तो काय सांगतो? ‘पेशंट एक्स्पायर झाला’, नाही तर ‘आम्ही खूप प्रयत्न केले’. पहिले औषधाच्या बाटलीवर शोभावे असे, दुसरे अर्धवट. समोरच्या म्हाताऱ्याला वाटते, प्रयत्न अजून चालू आहेत. तो विचारतो, ‘मग रक्त आणू का?’ घटकेपूर्वी ज्याला नाव होते त्याची तोवर ‘बॉडी’ झालेली असते. ‘वारले’ हा साधा शब्द जिभेवर येत नाही, कारण तो कुणी उच्चारून दाखवलेला नसतो. आणि भीतीही असते. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला झालेली मारहाण आणि त्यानंतर राज्यभरातल्या निवासी डॉक्टरांनी घेतलेली सामूहिक रजा कोण विसरेल? डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा तर २०१० पासूनच आहे. खाटा अपुऱ्या आणि औषधे बाहेरून, अशा ठिकाणी नुसत्या गोड बोलण्याने राग शमणार नाही, हेही खरे.

वाईट बातमी सांगणे शिकवता येते. टोरांटोचे कर्करोगतज्ज्ञ रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. एकांताची जागा पाहून बसायचे. समोरच्याला काय ठाऊक आहे ते आधी विचारायचे. किती ऐकायचे आहे तेही विचारायचे. मग स्पष्ट सांगायचे. भावनेला वाट द्यायची. शेवटी पुढचे ठरवायचे. यातली तिसरी पायरी आपल्याकडे अडते. ‘आईला काही सांगू नका, डॉक्टर,’ असे मुलगा दाराबाहेरच बजावतो, आणि आई आत सगळे ओळखून गप्प असते. या दोघांच्या मधे उभे कसे राहायचे, याचे उत्तर टोरांटोहून येणार नाही.

आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचे तास आले. पहिल्या वर्षी शवाला पहिला शिक्षक मानायला तो शिकवतो, हे चांगलेच. पण इंग्रजीत गिरवलेला संवाद अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसापुढे कितीसा टिकणार? शिवाय निवासी डॉक्टर शिकतो ते पाहून, आणि पाहायला समोर कुणी नसते.

विभागप्रमुखांना आज एवढीच विनंती: पुढची अशी बातमी तुम्ही स्वतः सांगायला जा, धाकट्याला सोबत न्या. आणि अधिष्ठात्यांनो, अतिदक्षता विभागाशेजारी दार लागेल अशी एक खोली आणि चार खुर्च्या तेवढ्या मंजूर करा.