कयाक पाण्यात घालण्याआधी

आमच्या टीमने नर्मदेच्या बॅकवॉटरमध्ये कयाकिंगचा बेत आखलाय. एक्सेल शीट तयार: टेंट, मॅगी, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या. लाइफ जॅकेटपुढे शेरा, "ऐच्छिक. फोटो खराब येतात." जागेचं वर्णन, "तिथे कोणीच नसतं!"

कोणीच नसतं? अरे, हा नंदुरबारचा धडगाव-अक्कलकुवा भाग आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात इथली गावं, शेतं गेली, मणिबेली त्यातलंच. वर डोंगरात सरकलेल्या पाड्यांचा रस्ता म्हणजे हेच पाणी. २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरच्या मुलांसाठी पोषण आहार नेत होत्या. हौस म्हणून नव्हे. आणि जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीला धडगाव तालुक्यात जास्त माणसं भरलेली बोट याच नदीत उलटली. माणसं गेली.

"आम्हाला पोहता येतं" म्हणे. येतं हो, सोसायटीच्या टँकमध्ये! इथे धरणाची पातळी वर-खाली होते, बुडालेली झाडं दिसत नाहीत, आणि काही झालं तर मोठा दवाखाना कित्येक तास लांब.

तेव्हा शीट पुन्हा लिहा. जॅकेट घातल्याशिवाय कोणी बसणार नाही. स्थानिक नावाडी सोबत, त्याचे पैसे घासाघीस न करता. तो "आज नको" म्हणाला, की नको. परतायची वेळ काठावरच्या एकाला सांगून ठेवायची.

शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकायला आपले हात थरथरतात. तिथे निदान रोलबॅक असतो राव!