चाचणीची तारीख आषाढातली हवी

बालाघाटाच्या पठारावर, बीड-धाराशिव भागात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांच्या जोडणी करारात एक तारीख असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2007च्या ग्रिडजोडणी मानकांत 2013मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार हार्मोनिक्स, डीसी प्रवाह आणि फ्लिकर यांचे मापन वर्षातून किमान एकदा, संबंधित पक्षांसमोर करायचे असते आणि त्याची अंदाजे तारीख करारात नोंदवायची असते. ही तारीख हिवाळ्यातल्या शांत आठवड्यात पडली, तर अहवाल स्वच्छ निघतो आणि कामाचा मात्र उरत नाही.

यंत्राच्या प्रकार-चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी 61400-21-1, शून्यापासून पूर्ण क्षमतेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर नोंदी मागते. कारण कमी भारावर आणि पूर्ण भारावर कन्व्हर्टर सारखा वागत नाही. आपल्याकडे पूर्ण भार मिळतो तो प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या काळात. मापनही तेव्हाच व्हायला हवे.

“निर्मात्याचे प्रमाणपत्र आहे ना?” हा प्रश्न साइटवर हमखास येतो. प्रमाणपत्र असावेच. पण त्यातले फ्लिकरचे आकडे काल्पनिक ग्रिडवर, 30, 50, 70 आणि 85 अंशांच्या प्रतिबाधा कोनांसाठी काढलेले असतात. चाचणीच्या जागेचा परिणाम निकालात येऊ नये म्हणून. ते यंत्राबद्दल सांगतात, तुमच्या फीडरबद्दल नाही. 33 केव्हीच्या केबलची धारिता आणि उपकेंद्रातली कपॅसिटर बँक मिळून पाचव्या किंवा सातव्या हार्मोनिकजवळ अनुनाद झाला, तर तो प्रमाणपत्रात दिसणार नाही.

म्हणून जागेवर दोनदा मोजा: यंत्रे चालू असताना आणि सगळी थांबवून. दुसरे मापन टाळले, तर ग्रिडमधून आधीच आलेले विकृतीकरण पवनचक्कीच्या माथी बसते. किंवा उलटही घडते. आणखी एक चूक फार जुनी आहे: 132 किंवा 220 केव्हीच्या बाजूला नेहमीच्या कपॅसिटिव्ह व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरवरून हार्मोनिक्स वाचणे. तो 50 हर्ट्झसाठी जुळवलेला असतो. वरच्या वारंवारतांवर त्याचे गुणोत्तर बदलते. असे वाचन अहवालात येऊच नये.

शंका असेल तर वार्षिक मापनाची वाट पाहू नका. उत्पादक असो वा वितरण किंवा पारेषण कंपनी, कुणीही दुसऱ्या पक्षाला लेखी कळवून जादा मापन मागू शकते. ते पाच कामकाजाच्या दिवसांत व्हावे, असे प्राधिकरणाचे हेच नियम सांगतात. छत्रपती संभाजीनगरच्या चाचणी अभियंत्यांनी आपापल्या ग्राहकांचे करार या महिन्यात उघडून तारीख पाहावी. ती पावसाळ्याबाहेर असेल, तर बदलून घ्यावी.