उसन्या आठवणींचा नकाशा

मराठी स्मरणरंजनाचा एक साचा आता पुरता स्थिरावला आहे. आकाशवाणीवरचे गीतरामायण, कृष्णधवल पडद्यावरचे चिमणराव आणि विरोधकालाही दाद देणारे सुसंस्कृत पुढारी. या लेखनात एक सर्वनाम हमखास येते : 'आपण'. आपण सारे तेव्हा ऐकत होतो, आपण सारे पाहत होतो. बीड जिल्ह्यात मराठी शिकवताना हे सर्वनामच एकदा तपासून घ्यावे, असे वाटू लागते.

तारखाच पाहू. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर गीतरामायण प्रसारित झाले, तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. द्वैभाषिक मुंबई राज्यात तो आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या वर्षी मराठवाडा दुष्काळात होरपळत होता. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि मिलोच्या भाकरी खात होती. छोट्या प्रक्षेपण केंद्रांचे जाळे देशभर पसरले ते १९८४च्या सुमारास. तोवर चिमणरावांचा काळ सरला होता. आमच्या पिढीला ते पडद्यावर नव्हे, दिवाळी अंकांतल्या लेखांत भेटले. तरीही आमच्याकडचा लेखक आठवणी लिहायला बसला, की त्याच्या लेखणीतून हाच मुंबई-पुण्याचा दिवाणखाना उतरतो. आठवणसुद्धा उसनी घेता येते, ती अशी.

या उसनवारीत आपले स्वतःचे काय काय हरवते? राजकारणाचेच उदाहरण घ्यावे. १९६७ साली बीडने लोकसभेवर क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडून दिले. मूळचा सातारा-सांगलीकडचा, प्रतिसरकारचा हा नेता कम्युनिस्ट पक्षाचा उमेदवार होता. आणीबाणीनंतर, १९७७ साली, याच मतदारसंघाने मार्क्सवादी पक्षाच्या गंगाधरअप्पा बुरांडे यांना दिल्लीला पाठवले. जात आणि घराणे यांपलीकडे बीडचे राजकारण कधी गेलेच नाही, असे आज सहज म्हटले जाते. हे दोन निकाल त्या समजुतीला छेद देतात; पण आमच्या पदवीच्या वर्गात ही दोन नावे ओळखणारे विद्यार्थी क्वचितच सापडतात.

गाण्यांचेही तेच. भावगीत हा मराठी मध्यमवर्गाच्या स्मृतीचा प्रमाणसूर ठरला. पण कॅसेटच्या काळात इथल्या जत्रांतून आणि एसटी स्थानकांवरच्या टपऱ्यांतून प्रल्हाद शिंदे ऐकू येत. विठ्ठल आणि भीमराव एकाच आवाजात गाणारा हा गायक होता. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन हजारो जोडपी कोयता बांधून पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागत. १९८७-८८च्या रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले की रस्ते ओस पडत, हे सर्वांना आठवते. त्या हंगामात उसाच्या फडावर, कोप्यांत राहणाऱ्यांचा रविवार कसा होता, हे कोणत्या लेखात आले आहे?

यावर प्रतिस्मरणरंजनाचा मोहही टाळला पाहिजे. पुण्याचा दिवाणखाना नाकारून 'आमचा साधाभोळा गाव' उभा करणे म्हणजे एक खोटे देऊन दुसरे घेणे. सारा गाव एका टीव्हीसमोर बसे, असे लिहिताना ओसरीवर कोण होते आणि अंगणाबाहेर कोण, हेही लिहावे लागेल. ज्या दशकाचे गोडवे गावेत, त्याच दशकात, १९७८ साली, नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जळाल्या. आठवणीतून तेवढे वगळले, की उरलेले गोड लागतेच.

स्मरणरंजन त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. एकत्र ऐकलेल्या गाण्याची ऊब खरी असते आणि साहित्याला ती लागतेच. प्रश्न 'आपण' या शब्दाच्या व्याप्तीचा आहे. आत्मचरित्र किंवा ललित गद्य शिकवताना विद्यार्थ्यांना 'लेखकाच्या स्मृतिविश्वाचे सौंदर्य स्पष्ट करा' असे विचारण्याबरोबरच, त्या साली तुमच्या घरात कोणता आवाज होता, हे आजीला विचारून लिहून आणा, असे सांगायला काय हरकत आहे? कोपीतला रेडिओ, जात्यावरची ओवी, जयंतीचा कर्णा किंवा नुसती शांतता. जे असेल ते. मराठी स्मृतीचा नकाशा अद्याप अर्धाच काढलेला आहे. उरलेला अर्धा ज्यांना ठाऊक आहे, ती माणसे आता थकत चालली आहेत.