मंद आचेवरचे प्रेम आणि गाळलेले जग

कोरियन ‘वेबटून’ हा शब्द आपल्या घरांतील मुलामुलींना आता नवा राहिलेला नाही. मोबाईलच्या पडद्यावर वरून खाली सरकवत वाचावयाची ही चित्रकथा. दाऊम आणि नेव्हर ह्या कोरियन संकेतस्थळांनी २००३-०४ च्या सुमारास तिला आश्रय दिला आणि पाहता पाहता तिचा मोठा व्यवसाय झाला. तिची एक लोकप्रिय शाखा ‘बीएल’ ह्या आद्याक्षरांनी ओळखली जाते. महाविद्यालयातील दोन तरुण, त्यांचे आरंभीचे वैर, मग सवय, मग ओढ आणि कित्येक भागांनंतर उच्चारलेला प्रेमाचा पहिला शब्द, असा तिचा नेहमीचा क्रम. ह्या कथा बहुतांशी स्त्रिया लिहितात आणि बहुतांशी स्त्रियाच वाचतात.

ह्या कथांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ही सारी घाण आहे, मुलांचे मोबाईल काढून घ्या. दुसरा म्हणतो, हे निरुपद्रवी मनोरंजन आहे, वडीलधाऱ्यांनी त्यात नाक खुपसू नये. माझे भांडण दोन्ही पक्षांशी आहे.

प्रथम पहिल्या पक्षाविषयी. ह्या शाखेत प्रौढांसाठी काढलेल्या उघड शृंगारिक कथा पुष्कळ आहेत आणि त्या कोवळ्या मुलांच्या हाती पडू नयेत, हे निर्विवाद. तथापि सर्वांना एकाच मापाने मोजणे हा आळस आहे. ‘सिमँटिक एरर’ ही बहुचर्चित कथा घ्या. २०१८ मध्ये ती कादंबरीच्या रूपाने प्रसिद्ध झाली. पुढे तिची वेबटून निघाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आठ भागांची दूरचित्रमालिकाही आली. संगणकशास्त्राचा विद्यार्थी चू सांग-वू हा नियमाला चिकटून राहणारा. गटाने करावयाच्या प्रकल्पात ज्यांनी काडीचेही काम केले नाही, त्यांची नावे तो सादरीकरणातून काढून टाकतो. त्यांत जांग जे-यंग हा चित्ररचनेचा विद्यार्थी असतो. त्याची पदवी लांबणीवर पडते आणि तो सूड म्हणून सांग-वूच्या आखीव दिनक्रमात मुद्दाम अडथळे आणू लागतो. ह्या छळातून दोघांची ओळख वाढते आणि तिचे रूपांतर प्रेमात होते. दुसऱ्या माणसाला समजून घ्यावयास वेळ द्यावा लागतो, त्याच्या चमत्कारिक सवयींसह त्याला स्वीकारावे लागते, हे ही कथा सांगते. ह्यात घाण कोठे आहे?

बंदीचा मार्ग तर खुद्द कोरियाने चोखाळून पाहिला आहे. तेथील बालसंरक्षण नियमांत मुलांना ‘हानिकारक’ साहित्याच्या निकषांमध्ये समलैंगिकतेचा उल्लेख होता. २००३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तो वगळण्याची शिफारस केली आणि २००४ मध्ये तो वगळण्यात आला. तोवर त्या नियमाने समलिंगी मुलांना एकच गोष्ट शिकविली होती : तुमचे असणे हेच हानिकारक आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, कारण माझा मुख्य आक्षेप तेथेच आहे. ह्या कथांचा दोष त्यांत दोन पुरुषांचे प्रेम आहे हा नाही. त्या प्रेमाची जी किंमत कोरियात मोजावी लागते, ती बहुतेक कथांतून गाळलेली असते, हा आहे. अशा कथांतील विद्यापीठात आईवडिलांचा धाक नसतो, कायदा नसतो, नोकरी जाण्याची भीती नसते. अडथळा असतो तो केवळ नायकांच्या स्वभावाचा.

‘सिमँटिक एरर’ ही मालिका फेब्रुवारी २०२२ मध्ये आली, हे वर सांगितलेच. त्याच्या आदल्याच महिन्यात सोलच्या प्रशासकीय न्यायालयाने सो सॉंग-वूक ह्या तरुणाचा दावा फेटाळला होता. सो आणि त्याचा जोडीदार किम योंग-मिन ह्यांनी २०१९ मध्ये आप्तमित्रांसमोर विवाहसमारंभ केला होता. २०२० च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय आरोग्य विम्यात किमचा आश्रित म्हणून सोची नोंद झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती रद्द करण्यात आली. २०२१ मध्ये त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. २०२२ मध्ये हार, २०२३ मध्ये उच्च न्यायालयात जीत आणि अखेर १८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय. विम्याच्या एका नोंदीसाठी चार वर्षे! हीदेखील मंद आचेवरचीच प्रेमकथा आहे. मात्र ती चित्रांत उतरत नाही.

सैन्याचे उदाहरण याहून बोलके आहे. कोरियातील धडधाकट तरुणाला सक्तीची सेवा चुकत नाही. पुष्कळ विद्यार्थी शिक्षण अर्धवट ठेवून ती करतात. मालिकेत जे-यंगची भूमिका करणारा पार्क सॉ-हाम हा नटसुद्धा मार्च २०२२ मध्ये, मालिका संपते न संपते तोच, ह्या सेवेत रुजू झाला. आणि तेथील लष्करी फौजदारी कायद्याचे ९२-६ हे कलम सैनिकांमधील समलिंगी संबंधांना दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास सांगते. २०१७ मध्ये ह्या कलमाखाली एका कॅप्टनला दोषी ठरविण्यात आले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला काहीसा आवर घातला : छावणीबाहेर, कामाच्या वेळेबाहेर, परस्परसंमतीने घडलेल्या गोष्टीला शिक्षा नको. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये घटना न्यायालयाने ते कलम वैध ठरविले.

ह्यावर उत्तर ठरलेले आहे : वास्तव नको म्हणून तर आम्ही कथा वाचतो. हे उत्तर मला पटत नाही. ह्याच कथांत गटप्रकल्पाची कटकट, गुणांची चिंता, वरच्या वर्गातील मुलांची मिजास, सारे बारकाव्यांनिशी रंगविलेले असते. वास्तव त्यांना वर्ज्य नाही. जे वास्तव वाचकाला अस्वस्थ करील, तेवढेच वर्ज्य आहे. वेबटून भागाभागाने विकली जाते. पैसे मोजा, नाही तर थांबा, मग पुढला भाग फुकट वाचा, ही युक्ती काकाओ कंपनीने २०१४ मध्ये रूढ केली. अशा बाजारात गोड हुरहूर खपते, न्यायालयाची तारीख खपत नाही. मग ज्यांच्या जीवनावर ही करमणूक उभी आहे, ते स्वतः मात्र करमणुकीच्या चौकटीबाहेरच राहतात.

त्यांना बाहेर ठेवण्यात ख्रिस्ती लोकांचाही हात आहे, हे आपण लपवू नये. भेदभाव प्रतिबंधक कायद्याचा मसुदा कोरियन सरकारने २००७ मध्ये तयार केला. त्याला कडवा विरोध झाला आणि त्यात सनातनी प्रॉटेस्टंट मंडळी आघाडीवर होती. ‘लैंगिक कल’ हे शब्द मसुद्यातून काढण्यात आले, तरी कायदा झाला नाही. त्यानंतर तशी विधेयके अनेकदा मांडली गेली आणि बारगळली. विवाहसंस्काराविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आपण जाणतो. तो ह्या लेखाचा विषय नाही. परंतु १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाने समलिंगी व्यक्तींशी आदराने व अनुकंपेने वागण्यास आणि अन्याय्य भेदभाव टाळण्यास सांगितले आहे, हेही त्याच शिकवणीचे अंग आहे. एक अंग पाठ करावयाचे आणि दुसरे विसरावयाचे, ही निष्ठा नव्हे.

वाचकहो, मुलीच्या हातून मोबाईल हिसकावू नका आणि डोळेझाकही करू नका. तिच्याजवळ बसून कथा समजून घ्या आणि मग तिला विचारा : पदवी मिळाल्यावर ह्या दोघांचे पुढे काय होईल? ते सैन्यात गेले तर? त्यांतील एक आजारी पडला, तर रुग्णालयात दुसऱ्याला नातलग म्हणून कोण मानील? आईवडिलांना ते काय सांगतील? कथेने ज्याचे उत्तर दिले नाही, त्याचा शोध ती घेऊ लागली, तर तिचे वाचन सार्थकी लागले असे समजा. आणि अशाच एखाद्या मुलाचे दुःख उद्या आपल्या धर्मग्रामात उघडे झाले, तर त्याच्याकडे कसे पाहावयाचे, हे तिला आणि आपल्यालाही ठाऊक असेल.