गृहिणींचें आरोग्य : अंगावर काढूं नका

आमच्या थोरल्या काकूंचा विटाळ बंद होऊन सहा वर्षें लोटलीं होतीं, तोंच त्यांना पुन्हां रक्तस्राव होऊं लागला. भरल्या घरांत ही गोष्ट काढावी कशी, या संकोचानें त्या गप्प राहिल्या. “उष्णता झाली असेल,” असें मनाशीं म्हणून वर्षभर सब्जाचें पाणी घेत राहिल्या. डॉक्टरांकडे नेलें तेव्हां गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बराच पसरला होता.

या रोगाच्या वाढीला एक प्रकारचा दाह साह्य करतो, हें विज्ञानहि सांगतें. मात्र तो सब्जानें शमणारा नव्हे. जखम झाली कीं जागा लाल होते, सुजते, तापते. ती शरीराची दुरुस्तीच होय. काम संपतांच सारें शांत व्हावयास हवें. तें झालें नाहीं, तर दाह आणि कर्करोग यांचें नातें जुळतें, अशी शंका जर्मन शास्त्रज्ञ फिरखो यांनीं १८६३ सालींच घेतली होती.

पेशींतील निरोप पोंचविण्याचें काम कायनेज नांवाचीं प्रथिनें करतात. मनुष्यदेहांत त्यांचे पांचशेंहून अधिक प्रकार आहेत. दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवून तीं त्याचें काम सुरू किंवा बंद करतात. या प्रक्रियेच्या शोधाबद्दल फिशर व क्रेब्ज यांना १९९२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दाहाच्या वेळीं यांपैकीं एक कायनेज एका पहारेकरी प्रथिनावर फॉस्फेटची खूण करतें. पहारेकरी नष्ट होतो. त्यानें अडवून धरलेलें प्रथिन पेशीच्या केंद्रांत शिरतें आणि दाह चालू ठेवण्याचा व पेशी जगविण्याचा हुकूम सोडतें. हा हुकूम थोडे दिवस चालला तर जखम भरते. वर्षानुवर्षें चालला तर बिघडलेल्या पेशीहि मरत नाहींत.

गर्भाशयाच्या मुखाशीं एचपीव्ही विषाणू ठाण मांडतो. तेथें तोच मुख्य अपराधी, दाह त्याचा साथीदार. बीजकोशाला दर महिन्यास बीज सुटतांना लहानशी जखम होते. उतारवयांतील स्थूलपणा दाहाला खतपाणी घालतो, आणि चरबींत तयार होणारें स्त्री-संप्रेरक गर्भाशयाचें अस्तर वाढवितें.

कायनेजांना अडविणारीं औषधें आतां निघालीं आहेत. लेनव्हॅटिनिब हें त्यांपैकीं एक. पसरलेल्या गर्भाशय-कर्करोगावर तें दुसऱ्या औषधाच्या जोडीनें देतात. परंतु रोग पसरण्यापूर्वींच गांठणें केव्हांहि श्रेयस्कर. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत तीस ते एकूणसाठ वयाच्या एक लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला : जेथें एचपीव्हीची एकच तपासणी केली, तेथें गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. या विषाणूवर मुलींसाठीं लसहि आहे.

विटाळ गेल्यावर दिसलेलें रक्त, संबंधानंतरचा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त पांढरें जाणें, आठवडेच्या आठवडे फुगलेलें पोट, यांपैकीं प्रत्येक गोष्ट कर्करोगच असते असें नाहीं. तें ठरविण्यास तपासणी हवी, तर्क नव्हे. काकू आज नाहींत. त्यांच्या सुनांपैकीं एकीला डागलेलें लुगडें दिसलें होतें. मर्यादेपायीं ती बोलली नाहीं. आपल्या घरांत असें कांहीं दिसल्यास, भगिनींनो, सासूबाईंना तो प्रश्न जरूर विचारा. त्यांत मर्यादेचा भंग नाहीं.