खाडा कुणाच्या नावावर?

‘धंद्यात कसली आलीय नीती?’ म्हणून आपण विषय सोडून देतो. मला तो सोडवत नाही. बीडमधल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, हे तत्त्वज्ञ कांटचं सांगणं इथे उघड मोडलं गेलं. पण मोडलं कुणी? मुकादमानं, डॉक्टरनं, की कारखान्यानं? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

समाजशास्त्र मग हिशेबाची वही उघडतं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, दोघांची उचल एकत्र. पाळीच्या दुखण्यानं दिवस बुडाला की खाडा, वर दंड. अशा हिशेबात बाईची ‘संमती’ कितपत खरी? म्हणून मी म्हणते, नीतीची भाषणं पुरेत. आधी खाड्याचा दंड बंद करा.