सीट तापवणं सोपं, थांबवणं अवघड
गाडी आणि आपण | चक्रधर

थंड देशांत राहणाऱ्या वाचकांचा दर हिवाळ्यापूर्वीचा ठरलेला प्रश्न यंदा कॅनडातून आला आहे. भंगारात गेलेल्या गाडीच्या गरम होणाऱ्या सीट स्वस्तात मिळताहेत, आमच्या जुन्या गाडीत बसवू का? पुण्या-मुंबईच्या वाचकांना हा चोचला वाटेल. पण उणे वीस अंशांत इंजिन तापून हीटरमधून गरम हवा यायला बराच वेळ लागतो, सीट मात्र काही मिनिटांतच पाठीला ऊब देते. कॅडिलॅकने 1966 मध्ये ही सोय जादा पैशांत देऊ केली. पुढे साबसारख्या स्वीडिश कंपनीने ती सामान्य गाडीत आणली ती उगाच नाही.

माझं उत्तर असं: बसवा, पण नुसती सीट आणू नका.

सीटचं कव्हर उसवलं तर फोमवर नागमोडी तारेचं किंवा कार्बनच्या धाग्यांचं पातळ पॅड दिसतं. एक बैठकीत, एक पाठीत. एका सीटला साधारण 60 ते 100 वॉट लागतात, म्हणजे 12 व्होल्टवर 5 ते 8 अँपिअर. तापवण्यात एवढंच तंत्र आहे. खरी हुशारी आहे ती ताप वेळेवर तोडण्यात. जुन्या गाड्यांत ते काम पॅडमधला थर्मोस्टॅट करतो. नव्या गाड्यांत पॅडमध्ये फक्त सेन्सर असतो. त्याचं वाचन करून करंट कमी-जास्त करणारा कंट्रोलर बऱ्याचदा सीटबाहेर असतो आणि गाडीच्या इतर कॉम्प्युटरांशी बोलत असतो. ती सीट दुसऱ्या गाडीत गेली की तिला हुकूम देणारं कुणी उरत नाही. मग गॅरेजमधलं लाडकं वाक्य ऐकू येतं: ‘डायरेक्ट करून टाकू’, म्हणजे कंट्रोलर वगळून पॅड थेट बॅटरीला जोडू.

इथेच घात होतो. कातडी भाजायला विस्तव लागत नाही. 44 अंशांचा स्पर्श सलग सहाएक तास राहिला तरी इजा होते, आणि तापमान जसं वाढतं तसा हा वेळ झपाट्याने कमी होतो. निरोगी माणूस चटका लागताच बटण बंद करतो. पण मधुमेहामुळे किंवा पाठीच्या कण्याच्या इजेमुळे संवेदना गेलेल्या माणसाला चटका कळतच नाही. अशा रुग्णांना सीटमुळे भाजल्याच्या घटनांवरून 2011 मध्ये अमेरिकेत डॉक्टर आणि सुरक्षा कार्यकर्त्यांनी वाहन-सुरक्षा यंत्रणेकडे तापमानाच्या मर्यादेची मागणी केली होती. ही कंपनीने बसवलेल्या सीटची गोष्ट. ‘डायरेक्ट’ केलेल्या सीटचं काय बोलावं? हिवाळ्यात मुलाकडे राहायला येणाऱ्या आई-बाबांपैकी कितीजणांना साखर आहे, हे वाचकांनीच आठवून पाहावं.

वायरिंगचंही तसंच. सिगारेट लायटरच्या वायरीला जोड मारून दोन सीट चालवू नयेत. बॅटरीपासून वेगळी, पुरेशी जाड वायर घ्यावी, फ्यूज बॅटरीजवळच बसवावा. मध्ये रिले, म्हणजे करंटने चालणारा स्विच, घालावा. त्याच्या 30 नंबरला बॅटरी, 87 ला सीट, 86 ला किल्ली फिरवल्यावरच येणारा करंट आणि 85 ला अर्थ. म्हणजे गाडी बंद तर सीटही बंद. सीट रुळावर पुढे-मागे सरकते, तेव्हा वायरीला ढील ठेवावी. रुळात घासून सोललेली वायर म्हणजे शॉर्ट, आणि वर फोम.

सीटच्या कडेला एअरबॅग असेल, तर मात्र हा घरी करायचा उद्योग नाही. पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर लावू नका. एअरबॅग असलेल्या गाडीत ती नसलेली सीट घातली, तर संरक्षण कमी होतं. शिवाय उत्तर अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत चालकाशेजारच्या सीटमधला वजनाचा सेन्सर पुढची एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवतो. तो बदलला, की गाडीचा अंदाजच चुकतो.

म्हणून सांगतो, भंगारातल्या गाडीची सीट घ्यायचीच असेल, तर तिचं बटण, सेन्सर, कंट्रोलर आणि वायरिंग एकाच गाडीतून, एकाच वेळी उचला. ते मिळत नसेल, तर सीटचा मोह सोडा. स्वतःचा थर्मोस्टॅट, रिले आणि फ्यूज असलेलं तयार पॅडचं किट आणा आणि आहे त्याच सीटच्या कव्हरखाली जाणकाराकडून बसवून घ्या. जो मेकॅनिक ताप कसा थांबतो ते दाखवू शकत नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नका.